साइटवरच्या माणसांना फ्लिप, साधा कीपॅड की स्मार्टफोन?

पाइपवाला_भोसरी

नमस्कार मंडळी. आमचं पाइप फॅब्रिकेशनचं आणि शटडाउनमधल्या मेंटेनन्सचं काम आहे. वर्कशॉप भोसरीत, साइट फिरत्या: कधी चाकणला गाड्यांचे कारखाने, कधी कुरकुंभला नाहीतर तारापूरला केमिकल प्लांट. माणसं एकूण ११. दोन सुपरवायझर, चार वेल्डर-फिटर, चार हेल्पर आणि टेम्पोचा ड्रायव्हर.

आता कंपनीकडून फोन द्यायचं ठरवलंय. तीन गोष्टी साधायच्या आहेत. फोन लावला की माणूस सापडला पाहिजे, संध्याकाळी झालेल्या कामाचे फोटो आले पाहिजेत आणि किरकोळ खर्चाचे पैसे जागच्या जागी देता आले पाहिजेत. भागीदाराचं म्हणणं, सगळ्यांना फ्लिप फोन घेऊ. स्क्रीन झाकलेली राहते, बॅटरी टिकते, रील बघणं बंद. आणि केमिकल प्लांटमध्ये साधा फोन आत नेऊ देतात म्हणे. मला हे सगळं एका दमात पटत नाहीये, पण खोडून काढण्याइतकी माहितीही नाही.

कुणाला कुठला द्यावा आणि घेताना फसगत कुठे होते ते सांगा. "आजकाल स्मार्टफोनशिवाय चालतच नाही" छापाची उत्तरं नकोत, ती घरी मिळतात.

रिपेअर_टेबल

भागीदारांना सांगा, घरातल्या आजोबांना फ्लिप उत्तम, ग्राइंडरजवळ नको.

फ्लिपच्या बिजागरीतून एक पातळ फ्लेक्स पट्टी जाते, वरचा आणि खालचा भाग जोडणारी. उघडझाप होईल तशी ती वाकत राहते. तडकायला लागली की आधी आवाज तुटतो, मग फोन अमुक एका कोनात धरला तरच स्क्रीन दिसते, शेवटी स्क्रीन पांढरी. पट्टी महाग नसते, पण नेमकी त्याच मॉडेलची मिळावी लागते आणि ती बसवायला अख्खा फोन उघडावा लागतो. कीपॅड फोनच्या मजुरीत हे कुणाला परवडत नाही, म्हणून दुकानदार "नवीनच घ्या" म्हणतो.

दुसरी भानगड चुंबकाची. फोन मिटलाय की उघडा आहे हे वरच्या भागातल्या छोट्या चुंबकावरून कळतं, खाली त्याच्यासमोर सेन्सर असतो. जिथे चुंबक तिथे लोखंडाचा बुरा. तो बिजागरीच्या फटीत साठला की झाकण नीट मिटत नाही, फोन मिटला तरी कॉल चालूच राहतो. स्पीकरमध्येही चुंबक असतोच, त्यामुळे जाळीवर बुऱ्याची दाढी उगवते आणि आवाज बसतो. ही कटकट साध्या कीपॅडलाही आहे आणि स्मार्टफोनलाही. साफ करताना कॉम्प्रेसरची हवा मारू नका, बुरा आत जाऊन पडद्याला चिकटतो. चिकटपट्टी जाळीवर दाबायची आणि उचलायची, चार-पाच वेळा.

फ्लिपचा एक खरा फायदा मात्र मान्य करायला हवा. २०१७ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनला आणीबाणीचं बटण सक्तीचं आहे. कीपॅडवर ५ किंवा ९ दाबून धरलं की ११२ ला कॉल जातो. खिशात पक्कड, टेप आणि कीपॅड फोन एकत्र असला की हा कॉल आपोआप लागू शकतो. फ्लिपमध्ये बटणं झाकलेली, त्यामुळे प्रश्न येत नाही. साध्या फोनला सेटिंगमध्ये जाऊन आपोआप कीपॅड लॉक १५ किंवा ३० सेकंदांवर ठेवा आणि लॉक असताना ५ व ९ दाबून धरल्यावर काय होतं ते दुकानातच एकदा बघून घ्या.

आता खरेदी. हँडसेटच्या आधी सिम कुठलं ते ठरवा. जिओचं टूजी नेटवर्कच नाही, सगळं फोरजी आणि फाइव्हजी. तेव्हा टूजीचा स्वस्तातला फोन घेऊन त्यात जिओचं सिम घातलं तर रेंज येणारच नाही. एअरटेल आणि व्हीआयचं टूजी चालू आहे, तिथे तो चालेल. उलट जिओभारतचे फोन जिओच्या सिमवरच चालतात, दुसरं सिम घेत नाहीत. खोक्यावर "फोरजी" आणि "व्होल्टे" (म्हणजे फोरजीवरूनच बोलण्याची सोय) दोन्ही लिहिलेलं असेल तरच घ्या. टूजीपेक्षा आठशे-हजार जास्त जातात, पण व्होल्टेचा आवाज स्वच्छ असतो. शेडमध्ये ग्राइंडर चालू असताना "काय? परत बोला" हे निम्म्याने कमी होतं.

आणि कुणी अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाकडून तिकडचा फ्लिप मागवणार असेल तर मागवू नका. जिओ ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालतं. तिकडच्या स्वस्त फ्लिपमध्ये यातले सगळे बँड क्वचित असतात, शिवाय बरेच फोन तिकडच्या कंपनीला लॉक केलेले असतात.

व्हॉट्सॲपवाला कीपॅड फोन म्हणून कुणी कायओएसचा (कीपॅड फोनांची एक ऑपरेटिंग सिस्टिम) माल गळ्यात मारत असेल तर नमस्कार करा. कायओएसवर व्हॉट्सॲप नव्याने उतरवून घेणं जून २०२४ मध्ये बंद झालं आणि २०२५ च्या सुरुवातीला त्यावरचा पाठिंबाही संपला. जुन्या खोक्यावर हिरवा लोगो अजून छापलेला दिसेल.

गेटपास

"केमिकल प्लांटमध्ये साधा फोन आत नेऊ देतात" हे वाक्य वाचून लिहायला बसलो. कॅमेरा आणि ठिणगी या दोन वेगळ्या बंदी आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाली की माणूस जिवाला मुकतो.

कॅमेऱ्याची बंदी गुपितासाठी. चाकणसारख्या ठिकाणी वाहन कारखान्यांत, संशोधन विभागांत, संरक्षण खात्याच्या कारखान्यांत ती दिसते. गेटवर कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, नाहीतर फोन लॉकरमध्ये ठेवून घेतात. इथे बिनकॅमेऱ्याचा कीपॅड खरंच कामाचा. नोकिया १०५ ला कॅमेरा नसतो, ११० ला असतो. दोन्ही दिसायला भावंडं, तेव्हा मागची बाजू बघून घ्या. नोकिया २६६० फ्लिपलाही कॅमेरा आहे. म्हणजे गेटवर फ्लिपला आणि स्मार्टफोनला वागणूक एकच मिळणार.

ठिणगीची बंदी ज्वालाग्राही वाफेसाठी. सॉल्व्हंट, हायड्रोजन, एलपीजी जिथे असू शकतं ती जागा झोन ०, १, २ अशी आखलेली असते, ० सगळ्यात धोक्याचा. तिथे साधा कीपॅडही चालत नाही, फ्लिपही नाही, स्मार्टफोनही नाही. किंबहुना साधा कीपॅड जास्त वाईट. पडला की मागचं झाकण उडतं, बॅटरी सटकते, आणि चालू फोनचे टर्मिनल सुटताना नेमकी तिथेच ठिणगी पडू शकते. झोनसाठीचे फोन वेगळे असतात, त्यांना इंट्रिन्सिकली सेफ म्हणतात. त्यांत बॅटरीतून निघणारा प्रवाह आतल्या सर्किटनेच इतका मर्यादित केलेला असतो की शॉर्ट झाला तरी वाफ पेटवण्याइतकी ऊर्जा तयार होत नाही. मागचं झाकण खास स्क्रूने आवळलेलं असतं. अंगावर "एक्स आयबी, २सी, टी४" असा शिक्का असतो: २सी म्हणजे हायड्रोजनच्या गटापर्यंत चालतो, टी४ म्हणजे पृष्ठभाग १३५ अंशांपुढे तापत नाही. आपल्याकडे या उपकरणांची मान्यता पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची सरकारी संस्था देते, जिचं मुख्यालय नागपुरात आहे. विकणाऱ्याकडे त्या मॉडेलचा कागद मागा. नुसतं "रगेड", "आयपी ६८", "मिलिटरी ग्रेड" लिहिलेलं असेल तर ते पाणी, धूळ आणि आपटण्यापुरतं आहे, वाफेशी त्याचा काही संबंध नाही.

ठेकेदाराने असे फोन विकत घ्यायची गरज सहसा पडत नाही. वर्क परमिट काढताना सेफ्टी ऑफिसरला विचारायचं: या कामाची जागा कुठल्या झोनमध्ये येते, आणि आत निरोपासाठी प्लांटचा वॉकी-टॉकी मिळेल का. बहुतेक ठिकाणी परमिटधारकाला एक सेट मिळतो. बाकीच्यांचे फोन गेटवर जमा. तेव्हा "फोन लावला की माणूस सापडला पाहिजे" ही तुमची पहिली अट तारापूर-कुरकुंभला कुठल्याच फोनने पुरी होणार नाही. कंट्रोल रूमचा लँडलाइन नंबर आणि एक्स्टेंशन ऑफिसच्या भिंतीवर लिहून ठेवा, तोच उपयोगी पडतो.

चहा_कटिंग

सगळे हँडसेटवर बोलताहेत, मी जरा उलट विचारतो. या ११ जणांतल्या किती जणांकडे आत्ता स्वतःचा स्मार्टफोन नाही? हेल्परसुद्धा गावी व्हिडिओ कॉल करतो. कंपनीचा कीपॅड दिला तर तो ड्रॉवरमध्ये पडेल, नाहीतर घरी आईकडे जाईल. रीलसाठी स्वतःचा आहेच. त्यापेक्षा ज्याचा त्याचा फोन वापरू द्या आणि महिन्याला रिचार्जचे पैसे पगारात धरा. फोन सांभाळण्याची कटकट गेली.

गेटपास

@चहा_कटिंग मुद्दा रास्त आहे, पण गेटवर अडकतो. स्वतःचा स्मार्टफोन रोज लॉकरमध्ये टाकायला माणसं नाखूश असतात, मग तो बुटात, टिफिनमध्ये लपवून आत नेतात. सापडला की एकाची नाही, अख्ख्या ठेकेदाराची एंट्री बंद होते. कंपनीचा बिनकॅमेऱ्याचा फोन गेटपासवर आयएमईआयसह, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकासह, नोंदवलेला असला की हुज्जत राहत नाही. अर्थात हे कॅमेराबंदीच्या साइटपुरतं.

पाइपवाला_भोसरी

@चहा_कटिंग सगळ्यांकडे आहेत, बरोबर. अडचण अशी की माणूस सोडून गेला की त्याच्याबरोबर नंबरही जातो, आणि पार्टीचे लोक त्याच्याच नंबरवर फोन करत राहतात. म्हणून नंबर कंपनीचा हवाय. सगळी सिमं माझ्याच नावावर घेतो, म्हणजे प्रश्नच मिटेल. बरोबर ना?

खातेवही

नाही, तिथेच प्रश्न सुरू होईल. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम. तुमचं घरचं एक-दोन धरलं की ११ बसतच नाहीत. जून २०२४ पासून नवा दूरसंचार कायदा लागू झालाय. मर्यादा ओलांडली तर पहिल्यांदा ५० हजार आणि पुढे २ लाखांपर्यंत दंड आहे. तुमच्या नावावर आत्ता किती नंबर आहेत ते संचार साथी पोर्टलवर ओटीपी टाकून दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच तक्रार करता येते.

सरळ रस्ता म्हणजे फर्मच्या नावाने व्यवसाय जोडणी. जीएसटी नोंदणी, पॅन, अधिकृत सहीचं पत्र लागतं आणि प्रत्येक सिम कोण वापरणार त्याचंही केवायसी होतं. माणूस बदलला की वापरणाऱ्याची नोंद बदलून घ्यायची. हे टाळलं आणि त्या नंबरवरून काही भानगड झाली तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ती गोष्ट. कंपनीच्या सिमवर माणसांचं आधार, बँक आणि पीएफचा यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) जोडू देऊ नका. कामावर घेताना "नंबर द्या" म्हटलं की माणूस हातातला, म्हणजे कंपनीचा नंबर देतो. दोन वर्षांनी तो सोडून जातो, सिम दुसऱ्याला मिळतं, आणि पहिल्याचा पीएफ काढायचा ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर येतो. सिम बंद केलं तरी सुटका नाही, कारण ९० दिवसांनंतर तो नंबर बाहेर कुणालाही मिळू शकतो. कामावर घेण्याच्या अर्जात दोन रकाने ठेवा, "स्वतःचा नंबर" आणि "कंपनीचा नंबर". पीएफ, ईएसआयसी, बँक सगळीकडे पहिलाच भरायचा.

यातूनच तुमच्या किरकोळ खर्चाचं उत्तर निघतं. यूपीआय चालतं ते बँक खात्याला जोडलेल्या नंबरवरच. म्हणजे कंपनीच्या सिमवर, मग तो कीपॅड असो की स्मार्टफोन, माणसाचं स्वतःचं यूपीआय उघडणार नाही, आणि उघडावं म्हणून त्याने नंबर बदलून घेतला तर वरचा घोळ आलाच. कीपॅडवरून *९९# ने ५ हजारांपर्यंत, यूपीआय १२३पे (साध्या फोनसाठीचं यूपीआय) ने १० हजारांपर्यंत पैसे पाठवता येतात, पण तिथेही हीच अट. सोयीचं म्हणाल तर यूपीआय सर्कल आहे. तुमच्या खात्यावरून सुपरवायझरला खर्चाची परवानगी द्यायची: एका वेळी ५ हजार, महिन्याला १५ हजार ही पूर्ण परवानगीची कमाल, किंवा प्रत्येक व्यवहाराला तुमची मंजुरी. त्याला स्वतःचं खातं जोडावं लागत नाही, पण त्याच्या हातात यूपीआय ॲप असलेला स्मार्टफोन लागतोच. हेल्परला वॉशर आणायला धाडायचं तर रोखच बरी.

हिशेब मांडते, २०२५ च्या सुरुवातीच्या दरांनी. दर बदलले असतील तर आजचे घालून बघा. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) आदेशानंतर नुसते बोलण्याचे पॅक आले: एअरटेलचा ८४ दिवसांचा ४६९ ला, वर्षाचा १,८४९ ला. रोज दीड जीबीचा ८४ दिवसांचा पॅक ८५९.

फोरजी कीपॅड साधारण २,२०० धरला तर दोन वर्षांचं रिचार्ज मिळून माणशी ५,९०० च्या आसपास. स्मार्टफोन ९ हजारांचा, कव्हर-काच ४००, दोन वर्षांचा डेटा सुमारे ७,५००, म्हणजे १६,९००. सगळ्यांना कीपॅड: ६५ हजार. सगळ्यांना स्मार्टफोन: १ लाख ८६ हजार. तीन स्मार्ट आणि आठ कीपॅड: ९८ हजार. बॅटऱ्या, चार्जर, हरवणं यात धरलेलं नाही.

रिपेअर_टेबल

तीन-आठची वाटणी मलाही पटते. दोन सुपरवायझर आणि ड्रायव्हर यांना स्मार्ट, बाकीच्यांना बिनकॅमेऱ्याचा फोरजी कीपॅड. ड्रायव्हरला नकाशा लागतो आणि गाडीचे कागद डिजिलॉकरमध्ये दाखवता येतात. ई-वे बिलाचा नुसता नंबर असला तरी चालतं, पण रस्त्यात थांबवल्यावर स्क्रीनवर बिल दिसलं की काम लवकर उरकतं. फक्त फोन डॅशबोर्डवर काचेखाली ठेवून चार्जिंगला लावायचा नाही. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, म्हणून चांगला फोन चार्जिंग थांबवतो आणि वाईट फोनची बॅटरी फुगते. एसीच्या जाळीला अडकवायचा स्टँड घ्या.

स्मार्टफोन घेताना ४ जीबी रॅमच्या खाली जाऊ नका. २-३ जीबीचे फोन सहा महिन्यांत व्हॉट्सॲपच्या फोटोंनी बसतात. काचेवर टेम्पर्ड आणि कॅमेऱ्याच्या भिंगावरही वेगळी काच लावा. ग्राइंडिंगच्या ठिणग्या काचेत रुततात, बारीक खड्डे पडतात आणि मग सगळे फोटो धुक्यातले येतात. भिंगावरची काच स्वस्त असते, कॅमेरा बदलणं नसतं.

कीपॅडच्या बॅटऱ्या एकाच जातीच्या राहतील असं बघा, म्हणजे सगळे फोन एकाच मॉडेलचे घ्या. दोन जादा बॅटऱ्या ऑफिसात ठेवल्या की आठही फोनांचं भागतं. बॅटरीवर आयएस १६०४६ आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो नसेल तर घेऊ नका. टेबलावर आडवी ठेवून बोटाने फिरवा. भोवऱ्यासारखी गरगरली तर ती फुगलेली आहे, टाकून द्या.

पाइपवाला_भोसरी

ताई, तो पीएफचा मुद्दा फार बरा सांगितलात, दोघांचं तसंच झालेलं असणार, उद्या बघतो. आणि तीन स्मार्टफोन कसे लावून द्यायचे? एमडीएम (सगळे फोन ऑफिसातून ताब्यात ठेवायची सेवा) वगैरे घ्यावं का? फोटो रोज येतात पण पंपाच्या नेमप्लेटवरचा मॉडेल नंबर वाचता येत नाही.

ॲडमिन_एकटा

तीन फोनांसाठी एमडीएम नको. नव्या अँड्रॉइडच्या पहिल्या स्क्रीनवर सहा वेळा टॅप केलं की क्यूआर वाचायची सोय उघडते आणि फोन कंपनीच्या ताब्यात जातो, हे खरं. पण त्यामागची सेवा दर महिन्याला पैसे मागते आणि ती सांभाळायला माणूस लागतो. वीस-पंचवीस फोन झाले की विचार करा.

आत्ता एवढं करा. कंपनीचं एक गूगल खातं काढा आणि फोन माणसाच्या हातात देण्याआधी त्याच खात्याने तिन्ही फोन चालू करा. माणसाने स्वतःचं खातं घातलं आणि तसाच सोडून गेला तर फोन फॅक्टरी रीसेट केल्यावर जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो. तो मिळेपर्यंत फोन म्हणजे वीट. परत घेताना आधी सेटिंगमधून खातं काढायचं, मग सेटिंगमधूनच रीसेट. बटणं दाबून रीसेट करायचा नाही.

गूगलची फोन शोधण्याची सोय चालू ठेवा. प्ले स्टोअरला पिन लावून वयाचं बंधन घाला. त्याने रील थांबत नाहीत, पण जुगाराचे बरेच खेळ अडतात. व्हॉट्सॲपमध्ये मोबाइल डेटावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा.

व्हॉट्सॲपचा नंबर त्याच फोनमधल्या सिमचा ठेवा. काही जण सिम कीपॅडमध्ये ठेवतात आणि त्याच नंबरचं व्हॉट्सॲप बिनसिमच्या स्मार्टफोनवर चालवतात. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये असं ॲप त्या नंबरचं सिम असलेल्या फोनवरच चालावं असा आदेश काढला आहे, तेव्हा या जुगाडावर धंदा उभा करू नका.

नेमप्लेटबद्दल: व्हॉट्सॲप फोटो पाठवताना दाबून लहान करतं. क्लिपच्या खुणेत जाऊन "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा, मूळ फोटो जसाच्या तसा येतो. फ्लॅश बंद, कारण चकचकीत पत्र्यावर मध्यभागी पांढरा डाग येतो आणि नेमका सीरियल नंबर त्यात जातो. टॉर्च बाजूने तिरकी धरायची, कोरलेली अक्षरं सावलीने उठून दिसतात. आधी प्लेटवरचं ग्रीस पुसायचं, हे लिहायची गरज नसावी, पण असते. प्रत्येक सांध्याचे दोन फोटो पुरेत: एक लांबून, जागा कळेल असा, एक जवळून, शेजारी टेप धरून. पहिल्या फोटोत लाइन नंबर खडूने पाइपवर लिहिलेला दिसला पाहिजे, नाहीतर महिन्याने बिलाच्या वेळी कुठला फोटो कुठल्या लाइनचा यावर वाद.

कुठे पोहोचले ते बघायला लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तासांसाठी देता येतं. प्रवासात एक तास पुरे. आठ तास ठेवलं की बॅटरी उतरते, आणि उंटावरून शेळ्या हाकणं तुम्हालाही नकोच असेल.

खातेवही

फोन हातात देताना वहीत चार गोष्टी लिहून सही घ्या: नंबर, सिमच्या मागचा क्रमांक, आयएमईआय आणि तारीख. आयएमईआय *#०६# दाबलं की दिसतो, दोन सिमच्या फोनला दोन असतात, दोन्ही लिहा. हे असलं की हरवल्यावर धावपळ कमी होते. क्रम असा: आधी कंपनीला सांगून सिम बंद करणं, मग पोलिसांत तक्रार, तिची प्रत आणि बिल जोडून संचार साथीवर आयएमईआय ब्लॉक. त्याच नंबरचं नवं सिम लगेच मिळतं, पण पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. त्या दिवशी त्या नंबरवर ओटीपी लागणारं काम काढू नका. जुना फोन विकत घेत असाल तर आधी १४४२२ वर केवायएम, एक जागा सोडून आयएमईआय असा एसएमएस करा, फोन काळ्या यादीत असेल तर कळतं.

रिपेअर_टेबल

एक राहिलंच. आता मिळणारी सिमं नॅनो आकाराची, आणि बऱ्याच कीपॅड फोनांचा खाच जुन्या मोठ्या सिमचा. नवं सिम ज्या कार्डातून मोडून काढता ते कार्ड फेकू नका, त्याच्या चौकटीतच सिम परत बसवून घाला. सुटा ॲडॉप्टर वापरलात तर सिम त्यात असतानाच आत-बाहेर करा. रिकामा ॲडॉप्टर ओढला की आतल्या सोनेरी पिना त्याच्या चौकोनात अडकून उखडतात आणि दोन हजारांच्या फोनला तेवढ्यासाठी बोर्डाचं काम निघतं. ई-सिम कीपॅडला चालत नाही, जोडणी घेताना प्लास्टिकचंच मागा.

नंबर एकेक टाइप करत बसू नका. एका फोनमध्ये सगळे भरून व्हीसीएफ फाइल (नाव-नंबरांची एकत्र फाइल) करा आणि ब्लूटूथ किंवा मेमरी कार्डने बाकीच्यांत टाका. फोनमध्येच साठवा, सिमवर नको. सिमवर साधारण २५० मावतात आणि नावं तोडली जातात, "जोशी तारापूर स्टोअर" आणि "जोशी तारापूर सेफ्टी" दोन्ही "जोशी तारा" होतात.

पाइपवाला_भोसरी

झालं, तीन-आठ. भागीदारालाही हा धागा वाचायला दिलाय. शेवटचं विचारतो: कीपॅडवाल्यांना सकाळी कुठे जायचं ते मराठीत एसएमएस केलं तर दिसेल ना? वर्षाच्या पॅकमध्ये एसएमएस मोजकेच आहेत.

रिपेअर_टेबल

दिसेल. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या फोनवर भारतीय भाषा वाचता येणं सक्तीचं आहे. मोजणी मात्र वेगळी. इंग्रजी अक्षरांत १६० चा एक एसएमएस, देवनागरीत ७० चाच. त्यापुढे गेलात की ६७-६७ चे तुकडे आणि प्रत्येक तुकडा वेगळा मोजला जातो. काना, मात्रा, वेलांटी, जागा सगळं धरून ७०. "उद्या ७.३० कुरकुंभ गेट २. हार्नेस, आधार कार्ड आणा." एवढं एका एसएमएसात आरामात बसतं. आणि पाठवायचे सुपरवायझरच्या स्मार्टफोनवरून, त्याच्या डेटा पॅकात रोजचे १०० असतात. कीपॅडवाल्याला उलट पाठवायची वेळच आणू नका, त्याने मिस्ड कॉल द्यायचा.